हॉक मॉथ कोण ते आम्हाला दाखवलंत, मग एड्रियनला का नाही?

आधीच सांगून ठेवते, ह्यात पाचव्या सीझनच्या शेवटापर्यंतचं सगळं उघड केलंय, त्यामुळे घरात कुणी अजून बघतंय तर त्याला हे वाचायला देऊ नका. 'मिरॅक्युलस: टेल्स ऑफ लेडीबग अँड कॅट नोआर' ही फ्रेंच कार्टून सिरीज 2015 पासून चालू आहे, गोव्यात आमच्या डिचोलीच्या घरात ती आधी हिंदी डबिंगमधे आली आणि मग पोरं मोठी झाली तशी इंग्लिशमधे, आणि ह्या सिरीजवर आमच्याकडे जितकी भांडणं झालीत तितकी दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमावर झाली नसतील. भांडण एकाच गोष्टीवरून, की व्हिलन कोण हे ज्या पद्धतीनं उघड केलं ते बरोबर की चूक. माझं मत पक्कं आहे: प्रेक्षकाला लवकर सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, आणि ज्याला कळायलाच हवं होतं त्या मुलाला शेवटपर्यंत सांगितलं नाही ते चूक, आणि साधीसुधी चूक नाही, मोठी.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसमधे मॅरिनेट नावाची शाळकरी मुलगी, तिच्याकडे जादूचे कानातले, त्यांनी ती लेडीबग होते. एड्रियन नावाचा मुलगा, त्याच्याकडे अंगठी, तो कॅट नोआर. दोघं एकाच वर्गात, पण मुखवट्यामागे कोण ते एकमेकांना माहीत नाही. आणि हॉक मॉथ हा व्हिलन, त्याच्याकडे फुलपाखराचं ब्रोच. गावात कुणीही चिडलं, रडलं, अपमान झाला की हा एक काळं फुलपाखरू पाठवतो, त्याला अकुमा म्हणतात, ते त्या माणसाच्या एखाद्या वस्तूत शिरतं आणि तो माणूस राक्षसासारखा वागायला लागतो. हॉक मॉथला कानातले आणि अंगठी दोन्ही हवेत, कारण दोन्ही एकत्र आले की एक इच्छा पूर्ण होते, मात्र तिची तेवढीच किंमत मोजावी लागते.

हा हॉक मॉथ म्हणजे गॅब्रिएल अग्रेस्त, मोठा फॅशन डिझायनर, आणि एड्रियनचा सख्खा बाप.

हे आपल्याला कळतं दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, 'द कलेक्टर' नावाच्या एपिसोडमधे, 2017 साली. पहिल्या सीझनचे 26 एपिसोड आपण नुसता अंधारातला माणूस बघतो, मोठी गोल खिडकी, भोवती पांढरी फुलपाखरं आणि तो जाड आवाज. मग 'द कलेक्टर'मधे लेडीबगला गॅब्रिएलचा संशय येतो, कारण त्याच्या तिजोरीतलं एक जुनं पुस्तक बाहेर पडलेलं असतं, त्यात ह्या सगळ्या जादूच्या दागिन्यांची माहिती. आणि आपल्यावर संशय आलाय हे लक्षात आल्यावर गॅब्रिएल काय करतो, तर स्वतःच्याच स्केचबुकात स्वतःच अकुमा घालतो आणि स्वतःच राक्षस होतो, म्हणजे सगळ्यांना वाटावं हा बिचारा तर हॉक मॉथचा बळी आहे. लेडीबगला ते पटतं. कॅट नोआरलाही पटतं, आणि त्याला तर सुटल्यासारखं होतं, कारण आपला बाप गुन्हेगार नाही. आणि आपण बघणारे मात्र सगळं जाणून बसलेले.

माझा मोठा पुतण्या, आता दहावीत आहे, त्याचं म्हणणं की इथंच सिरीजनं माती खाल्ली. त्याच्या मते व्हिलनचं नाव शेवटच्या एपिसोडपर्यंत दाबून ठेवायला हवं होतं, अंदाज बांधण्यात जी मजा असते ती घालवली. मी त्याला म्हटलं अरे बाबा, अंदाज काय बांधायचा राहिला होता? इंग्लिशमधे गॅब्रिएल आणि हॉक मॉथ दोघांनाही कीथ सिल्व्हरस्टीनचाच आवाज आहे, बायकोच्या तसबिरीमागे तिजोरी, त्या तिजोरीत मोराचं ब्रोच, तेही जादूचंच, हे सगळं पहिल्या सीझनच्या शेवटी 'व्होल्पिना'मधे दाखवून झालेलं. लहान पोरांनीसुद्धा ओळखलं होतं. जे सगळ्यांनी ओळखलंय ते आणखी सहा वर्षं लपवून ठेवलं असतं तर पोरं वैतागली असती, आणि मुख्य म्हणजे रहस्य हे ह्या गोष्टीचं बळच नव्हे. 'स्कूबी डू'मधे 1969 पासून शेवटी मुखवटा ओढायचा आणि आत कोण ते बघायचं, तिथं ते शोभतं कारण आत जो निघतो त्याच्याशी आपलं काही नातं नसतं, अर्ध्या तासात विसरून जायचं. इथं आत बाप निघतो. ते विसरायला होत नाही.

आणि खरी गंमत ही की कळल्यावर मागचे एपिसोड परत बघा. आम्ही परत बघितले, पावसाळ्यात लाईट असेल तेव्हा, आणि पहिल्या सीझनमधला 'द बबलर' बघताना मला अक्षरशः पोटात कालवलं. एड्रियनचा वाढदिवस असतो. त्याचा मित्र नीनो बापाकडे जाऊन विनवतो की पार्टी करू द्या, बाप झिडकारतो, नीनो चिडतो, आणि हॉक मॉथ त्याच रागाचा फायदा घेऊन नीनोला बबलर करतो. पहिल्यांदा बघताना ही दोन वेगवेगळी माणसं होती, एक कडक बाप आणि एक दुष्ट व्हिलन. आता कळतं की ज्यानं पोराच्या मित्राला दुखावलं त्यानंच त्या दुखण्यावर आपली पोळी भाजून घेतली, आणि तेही पोराच्या वाढदिवसाला. हे 'द कलेक्टर' लवकर आला म्हणून कळलं. शेवटी आला असता तर इतके एपिसोड मागे जाऊन कुणी बघितले असते?

त्याच एपिसोडमधे अजून एक आहे, ते तर मी सगळ्यांना सांगत फिरते. मॅरिनेट एड्रियनसाठी स्वतःच्या हातानं निळा स्कार्फ विणते. बापाच्या वतीनं भेट आणायला सेक्रेटरी नॅथली विसरलेली असते, म्हणून ती हाच स्कार्फ बापाकडून म्हणून देते. दुसऱ्या दिवशी एड्रियन शाळेत तो स्कार्फ घालून येतो, बाबांनी दिला म्हणून चेहरा नुसता खुललेला, आणि मॅरिनेट ते बघून गप्प बसते. त्याचा आनंद जाऊ नये म्हणून स्वतःचं नाव सांगत नाही. किती गोड वाटलं होतं तेव्हा. हा स्कार्फ लक्षात ठेवा, शेवटाबद्दल बोलताना मला लागणार आहे.

आमच्याकडे बघणाऱ्यांची मतं सगळी वेगवेगळी. माझी भाची चौथीत आहे, तिला हॉक मॉथची भीती कधीच वाटली नाही, तिला वाईट वाटतं ते जेवणाच्या टेबलाचं. तेवढं लांबलचक टेबल आणि एड्रियन एकटा जेवतोय, आणि बाप बोलणार तर नॅथलीच्या हातातल्या टॅबवरून. शेजारचा एक मुलगा आमच्याकडे बघायला यायचा, त्याचे वडील बोटीवर आहेत, वर्षातले कितीतरी महिने बाहेर, आमच्या इकडे अशी घरं कमी नाहीत. त्यानं ते टॅबचं बघून विचारलं, "माझे पप्पा लांब असतात म्हणून फोनवर बोलतात, ह्याचे तर घरातच आहेत ना, मग टॅबवर का बोलतात?" खोलीत कुणीच काही बोललं नाही. मोठमोठ्या समीक्षकांनी पानं भरून लिहिलं तरी गॅब्रिएल अग्रेस्तबद्दल ह्याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. काळी फुलपाखरं वगैरे नंतरचं, ह्याचा पहिला गुन्हा हाच की त्याच घरात राहून तो पोरापासून लांब राहिला, आणि हे लहान मुलाला बरोबर दिसलं.

सासूबाईंचं एकदम उलट. त्यांना कार्टून वगैरे काही नाही, पण देवळातल्या उत्सवी नाटकाला बसल्या की जशा स्टेजवरच्या पात्राशी मोठ्यानं बोलतात तशा टीव्हीशीही बोलतात, "अरे तो तुझोच बापूय मरे!" असं एड्रियनला ओरडून सांगायच्या. पण त्यांना गॅब्रिएलची दया यायची. कारण दुसऱ्या सीझनच्या शेवटी दाखवलंय की त्याची बायको एमिली घराखाली काचेच्या पेटीत झोपलेली आहे, मोराचं ते मोडकं ब्रोच वापरून तिची ही अवस्था झालेली, आणि तिला परत आणायला हा सगळा खटाटोप. "बायलेखातीर करता तो," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच लेखकांनी हे छान केलंय, व्हिलनला कारण दिलं आणि ते कारण हलकं नाही. पण नंतर पाचव्या सीझनमधे कळलं की एड्रियनसुद्धा त्या मोराच्या जादूनंच जन्माला आलेला आहे आणि बापाच्या बोटातल्या अंगठीच्या जोरावर बाप त्याला हुकूम सोडू शकतो, आणि हुकूम सुटला की पोराला नाही म्हणताच येत नाही, तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "असो बापूय आसता?" त्यानंतर त्यांनी एकदाही त्याची बाजू घेतली नाही.

ओळखीतल्या एक प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत, त्यांचा आक्षेप की मुळात लहान मुलांच्या कार्यक्रमात बापच व्हिलन दाखवू नये, मुलांच्या मनात घरातल्या माणसांबद्दल शंका येते. मला त्यांच्याबद्दल आदर आहे पण हे मला पटत नाही. ज्या मुलांच्या घरी सगळं ठीक आहे त्यांना एड्रियन बघून काही होत नाही, ती उलट बापाला जास्त बिलगतात. आणि ज्यांच्या घरी ठीक नाही त्यांना निदान टीव्हीवर तरी आपल्यासारखा कुणीतरी दिसतो, चांगल्या घरातला, पैसेवाला, दिसायला सुंदर, आणि तरी बापाला घाबरणारा. आपल्या कार्टूनमधे व्हिलन नुसत्या हसण्यावरून ओळखू येतो आणि तो कायम गावाबाहेरचाच असतो. हा घरातला निघाला आणि त्यात चूक पोराची नाही हे दाखवलं, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता शेवट. इथं माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

2017 ला प्रेक्षकाला सांगितलं, त्यानंतर 2023 पर्यंत आपण वाट बघतोय की एड्रियनला कधी कळणार. मधे 2019 ला तिसऱ्या सीझनमधे 'कॅट ब्लाँ' नावाचा एपिसोड आला, तो ह्या सिरीजचा सगळ्यात भारी एपिसोड असं मी छातीठोक सांगते. त्यात एक वेगळं भविष्य आहे, तिथं एड्रियनला बापाचं खरं रूप कळतं, बाप त्याच्यावरच अकुमा सोडतो, आणि हा पोर पांढऱ्या कपड्यातला कॅट ब्लाँ होतो, पॅरिस पाण्याखाली, वर चंद्राचे तुकडे, आणि तो एकटा बसलेला. लेडीबग ते भविष्य पुसून टाकते. म्हणजे लेखकांना पूर्ण माहीत होतं की ह्या मुलाला कळणं ही किती मोठी घटना आहे. एवढं वजन त्यांनी स्वतः तयार केलं. मग ते कुठंतरी उतरवायला नको?

पाचव्या सीझनमधे गॅब्रिएल हॉक मॉथ हे नाव सोडून मोनार्क होतो, कॅट नोआरच्या कॅटॅक्लिझमची, म्हणजे हात लावेल ते नष्ट करणाऱ्या त्याच्या शक्तीची, जखम त्याच्या अंगात पसरत चाललेली असते, म्हणजे पोराच्या हातानं बाप मरतोय आणि दोघांनाही ठाऊक नाही. इतकं जबरदस्त जुळवून आणलं. आणि शेवटच्या लढाईत एड्रियन कुठं आहे? लंडनला. कोंडून ठेवलेला. आपल्या हातून भलतंच काही होईल ह्या भीतीनं त्यानं अंगठीसुद्धा लेडीबगकडे पाठवून दिलेली. मॅरिनेट दोन्ही शक्ती घेऊन एकटी लढते, तिला कळतं मोनार्क कोण, त्याला कळतं लेडीबग कोण, शेवटी गॅब्रिएलच दागिने मिळवून इच्छा करतो, स्वतःचा जीव देतो, एमिली परत येत नाही, मरायला टेकलेली नॅथली वाचते. आणि मग मॅरिनेट एड्रियनला सांगते की तुझे बाबा हिरो म्हणून गेले. पॅरिसमधे गॅब्रिएल अग्रेस्तचा पुतळा उभा राहतो.

पुतळा! आमच्या वाड्यावरची पोरं दिवाळीआधी नरकासूर करत बसली होती, गवत भरायचं काम चाललेलं, तिथं हा विषय निघाला आणि एक सहावीतला पोरगा हातातलं सोडून म्हणाला, "आपण नरकासुराला पहाटे जाळतो आणि ह्यांनी त्याचा पुतळा बांधला?" सगळी हसली, पण तो हसायला म्हणून बोलला नव्हता, तो चिडला होता. मला त्याचा राग पूर्ण समजला. मुलांना न्याय दिसावा लागतो. बापाला शिक्षाच व्हावी असं माझं म्हणणं नाही, तो मेला, किंमत मोजली, ठीक. पण ज्याला त्यानं आयुष्यभर एकटं जेवायला बसवलं, हुकूम सोडून नाचवलं, त्या मुलाला निदान खरं काय ते कळायचा हक्क होता, आणि बापाच्या तोंडावर रडायचा, ओरडायचा, वाटलं तर माफ करायचा.

आणि इथं मला तो स्कार्फ आठवतो. पहिल्या सीझनमधे मॅरिनेट गप्प बसली, बापाचं प्रेम आहे असं त्या मुलाला वाटू दिलं, ती एक छोटीशी माया होती. पाचव्याच्या शेवटी ती तेच करते, फक्त आता विषय स्कार्फचा नाही, अख्ख्या बापाचा आहे. लेखकांनी जाणूनबुजून जुळवलं असेल तर त्यांच्या हुशारीला दाद, पण मग हे दुःख म्हणून दाखवा ना, वाजतगाजत आनंदाचा शेवट म्हणून कशाला? एका शाळकरी मुलीच्या गळ्यात एवढं मोठं खोटं बांधून तिला हसत उभी केलीय. माझी भाची तेव्हा म्हणाली, "आता ती त्याच्याशी लग्न केल्यावर पण सांगणार नाही काय?" उत्तर काय देणार.

माझा दहावीतला पुतण्या, जो रहस्य लपवा म्हणत होता, तो ह्यावर मात्र माझ्या बाजूला आला. त्याचं म्हणणं की एड्रियनच्या बाबतीत लेखक घाबरले, पुढचे सीझन काढायचे होते म्हणून पत्ता राखून ठेवला. असेलही. फुलपाखराचं ब्रोच त्यांच्या वर्गातल्या खोटारड्या लीलाच्या हाती लागलंच शेवटी, गाडी पुढं चालू ठेवायची सोय करून ठेवलेलीच आहे. पण सहा वर्षं वाट बघितलेल्या पोरांना त्याच्याशी काय करायचंय, त्यांना तो एक सीन हवा होता.

आणि तो सीन करता येतो! त्याच वर्षी, 2023 ला, जेरेमी झागचा ह्याच गोष्टीवरचा सिनेमा आला, नेटफ्लिक्सवर आहे. त्याची गोष्ट वेगळी, स्वतंत्र, त्यात गाणी जरा जास्तच आहेत आणि मधला भाग पळवलाय. पण शेवटी हॉक मॉथला दिसतं की आपण ज्याला मारायला निघालो तो कॅट नोआर आपलाच मुलगा आहे, आणि तो तिथल्या तिथं गळून पडतो, लढाई सोडतो, पोराला जवळ घेतो. बस. एवढंच. आमच्या घरात तेव्हा सगळी एकदम रडली, सासूबाईंसकट. सिरीजला पाच सीझनमधे जे जमलं नाही ते सिनेमानं काही मिनिटांत करून दाखवलं, तेव्हा मुलांना झेपणार नाही वगैरे कुणी सांगू नये.

माझे स्टार असे: 'द कलेक्टर'ला पाचपैकी पाच, एक दाणा कमी नाही. 'कॅट ब्लाँ'ला पाच. पाचव्या सीझनच्या शेवटाला दोन, तेही अ‍ॅनिमेशन आणि मॅरिनेटच्या लढाईसाठी. पूर्ण सिरीज मात्र बघाच, विशेषतः मुलांबरोबर बसून बघा.

बघणार असाल तर एवढं करा. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना चालेल, त्याहून लहानांना अकुमा झालेली माणसं बघून भीती वाटू शकते. पहिला सीझन सगळा नाही बघितला तरी 'ओरिजिन्स'चे दोन्ही भाग, 'द बबलर' आणि 'व्होल्पिना' चुकवू नका, मग लगेच 'द कलेक्टर'. 'कॅट ब्लाँ' रात्री झोपायच्या आधी लावू नका, आमच्याकडे भाची त्या रात्री आईला सोडायला तयार नव्हती, दुपारी लावा आणि नंतर बोलायला वेळ ठेवा. आणि पाचव्याचा शेवट झाला की त्याच दिवशी सिनेमा लावा, उद्यावर ढकलू नका.